घरच्यांसाठी, मित्रमंडळींसाठी साधं बेकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बेकिंग करणाऱ्या आणि करून बघू म्हणणाऱ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न आहेत. थरांचे उंच केक आणि साखरेची फुलं यांचा इथे विचार केलेला नाही. साधा केक, बिस्किटं, मफिन, एखादा पाव. सकाळी केलं आणि संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला, असं बेकिंग इथे अपेक्षित आहे. माझं ठाम मत आहे की यातलं बहुतेक यश वजन, तापमान आणि थोडा धीर या तीन गोष्टींवर ठरतं. महागडी उपकरणं आणि दुर्मीळ जिन्नस फार नंतर येतात.

मी कधीच बेकिंग केलेलं नाही. सुरुवात कशाने करू?

एकाच साध्या लोण्याच्या केकने, आणि तोच केक हाताला बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. दर वेळी नवी पाककृती घेतली की काय चुकलं हे कळायला मार्गच राहत नाही. तोच केक परत केला की मिश्रण कसं दिसायला हवं, किती वेळाने वास सुटतो, कडा कधी सुटतात हे आपोआप लक्षात येतं.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: लोणी, साखर, अंडी आणि मैदा, चारही समान वजनाचे. सात इंची गोल टिनसाठी प्रत्येकी 150 ग्रॅम घ्या. मध्यम आकाराच्या एका अंड्याचं कवचाशिवाय वजन साधारण 50 ग्रॅम भरतं, म्हणजे तीन अंडी. याशिवाय बेकिंग पावडर 1 टीस्पून, चिमूटभर मीठ, व्हॅनिला 1 टीस्पून आणि लागलंच तर दोन टेबलस्पून दूध.

आता यातली खरी कला लोणी-साखर फेटण्यात आहे, म्हणून तिथे थांबून सांगते. लोणी वितळलेलं नको आणि दगडासारखं कडकही नको. 18 ते 20 अंश सेल्सिअस हे त्याचं योग्य तापमान. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये आणि वरून तेलकट चमक दिसू नये. अशा लोण्यात साखर घालून फेटायला लागलात की आधी ते ओल्या वाळूसारखं रवाळ आणि पिवळसर दिसतं. दोनएक मिनिटांत रंग फिकट होऊ लागतो. हँड मिक्सरवर चार-पाच मिनिटांनी ते जवळजवळ पांढरं, हलकं आणि फुगलेलं दिसतं, भांड्याच्या कडांना मऊ लाटांसारखं चिकटतं. साखरेचे कण लोण्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकवत असतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, असलेलेच मोठे करते. त्यामुळे इथे कंटाळा केला तर नंतर ओव्हन काही मदत करू शकत नाही.

मग अंडी एकेक करून घाला आणि प्रत्येकानंतर नीट फेटा. अंडी फ्रीजमधली गार असतील तर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर मोजलेल्या मैद्यातलाच एक चमचा मैदा घालून फेटा, ते सावरतं. उरलेला मैदा बेकिंग पावडर आणि मिठासह चाळून दोन-तीन भागांत घाला आणि आता मिक्सर बाजूला ठेवून चमच्याने हलक्या हाताने एकजीव करा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा. चमच्यातून मिश्रण जडपणे खाली पडायला हवं; पडतच नसेल तर दूध घाला. 170 अंशांवर 35 ते 40 मिनिटं.

वजनकाटा हवाच का? कपाने मोजलं तर नाही चालणार?

चालतं, पण भरवशाचं नाही. 240 मिलीलिटरच्या एका कपात चमच्याने अलगद भरून वरून सपाट केलेला मैदा साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप पिठात खुपसून भरला की 150 ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या पाककृतीत हा फरक पाऊण कपाएवढा होतो, आणि केक कोरडा का झाला याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

बेकिंगसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल वजनकाटा घ्या. घासायची भांडीही कमी होतात, कारण एकाच भांड्यात काटा शून्यावर आणत एकेक जिन्नस घालता येतो. तोपर्यंत कपाने काम करायचं असेल तर हे आकडे जवळ ठेवा: साखर 1 कप 200 ग्रॅम, लोणी 1 कप साधारण 225 ग्रॅम, दूध 1 कप 240 ग्रॅम. टीस्पून म्हणजे 5 मिलीलिटर आणि टेबलस्पून म्हणजे 15. सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट, मीठ यांना मात्र मोजमापाचे चमचे वापरा. जेवणाच्या चमच्यांचे आकार घरोघरी वेगळे असतात, आणि अर्धा टीस्पून सोडा जास्त झाला तर तो तोंडात लगेच कळतो.

पाककृतीत 180 अंश लिहिलंय, मी तेवढंच लावते, तरी केक वरून जळतो आणि आत कच्चा राहतो. का?

बटणावर 180 लिहिलेलं असतं म्हणून आत 180 असेलच असं नाही. घरगुती ओव्हनमध्ये दहा-वीस अंशांचा फरक सर्रास आढळतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदा ठेवून बघा. तुमचा ओव्हन 15 अंशांनी जास्त तापतो हे कळलं की पुढचा सगळा गोंधळ संपतो, कारण मग तुम्ही 165 लावता आणि केक हवा तसा येतो.

दुसरं, ओव्हन आधी पुरेसा तापवा. दिवा विझला किंवा आवाज झाला म्हणजे आतली हवा तापली. भिंती आणि जाळी तापायला आणखी काही मिनिटं लागतात. पंधरा-वीस मिनिटं द्यावीत. पंख्याचा ओव्हन असेल तर पाककृतीतलं तापमान 20 अंशांनी कमी करा, कारण फिरती गरम हवा उष्णता लवकर पोहोचवते. टिन मधल्या जाळीवर ठेवा. वरच्या कॉइलजवळ गेलेला केक वरून करपणारच. रंग लवकर आला आणि आत कच्चं आहे असं वाटलं तर पाऊण वेळ झाल्यावर वर फॉइल सैल झाका.

पाककृतीत फॅरनहाइट दिलं असेल तर 325 म्हणजे साधारण 165 सेल्सिअस, 350 म्हणजे 175 ते 180, 400 म्हणजे 200 आणि 425 म्हणजे 220.

मायक्रोवेव्हमध्ये केक होतो का?

कन्व्हेक्शन मोड असेल तर होतो, कारण त्या मोडमध्ये तो छोटा पंख्याचा ओव्हनच असतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर मिश्रण शिजतं, पण वरून तांबूस होत नाही आणि गार झालं की चिवट लागतं. बेकिंगचा तो भाजका रंग आणि वास पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्या अभिक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिल मेयार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. त्यासाठी पृष्ठभाग पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर जावा लागतो आणि कोरडा व्हावा लागतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये ते घडत नाही. एका माणसापुरता मगमधला केक तेवढा ठीक आहे.

खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर, एकाऐवजी दुसरं चालतं का?

सरसकट नाही. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि त्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं: दही, ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर, मध, किंवा साधी कोको पावडर. आंबट भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण फुलतं. आंबट पुरेसं नसेल तर सोडा तसाच उरतो, केकला साबणासारखी चव येते आणि रंगही काळपट होतो.

बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल शोषणारं स्टार्च हे तिन्ही एकत्र असतं, म्हणून वेगळ्या आंबटाची गरज पडत नाही. इंग्लंडमधले रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये अशी पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. घरातल्या एका माणसाला पाव खाता यावा म्हणून शोधलेली ही वस्तू आहे, आणि मला ते फार भावतं. आज मिळणारी बहुतेक पावडर दोनदा काम करते, थोडी ओली झाल्यावर आणि बाकीची उष्णता लागल्यावर.

प्रमाण म्हणाल तर 1 कप मैद्याला 1 ते सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, किंवा पाव टीस्पून सोडा. सोडा साधारण तीन-चारपट तीव्र असतो. दोन्ही जुने झाले की निकामी होतात. बेकिंग पावडर गरम पाण्यात आणि सोडा व्हिनेगरमध्ये टाकून बघा. जोरात फसफसलं नाही तर नवं पाकीट आणा.

कोकोचं एक ध्यानात ठेवा. साधी कोको आम्लधर्मी असते, डच पद्धतीची कोको अल्कलीची प्रक्रिया केलेली असल्यामुळे आंबट राहत नाही. पाककृतीत फक्त सोडा असेल आणि तुम्ही डच कोको घेतली, शिवाय दुसरं काही आंबट नसेल, तर केक फुलणार नाही.

अंड्याशिवाय केक चांगला होतो का?

होतो, आणि उत्तम होतो, पण अंड्याच्या केकमधून अंडी वगळून नाही. अंडं एकाच वेळी मिश्रण बांधतं, फुलवतं, ओलावा देतं आणि भाजल्यावर सांगाडा धरतं. त्यामुळे मुळातच अंड्याविना रचलेली पाककृती घ्यावी.

एक भरवशाची अशी: 1 कप घट्ट, ताजं दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात अर्धा टीस्पून सोडा आणि सव्वा टीस्पून बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं ठेवा, वर बुडबुडे येतील. मग अर्धा कप वास नसलेलं तेल, 1 टीस्पून व्हॅनिला आणि चाळलेला दीड कप मैदा घालून गुठळ्या मोडेपर्यंतच हलवा. मैदा पडला की मिश्रण लगेच टिनमध्ये, आणि टिन आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये. सोड्यातून सुटलेला वायू वाट बघत बसत नाही. 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं.

मफिन, पॅनकेक किंवा बिस्किटांत एखादंच अंडं असेल तर 1 टेबलस्पून जवसाची पूड 3 टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवून वापरता येते. पाव कप कुस्करलेलं पिकलेलं केळंही चालतं, मात्र केळ्याची चव येणार. तीन-चार अंड्यांच्या हलक्या स्पंजसाठी यातलं काहीच पुरं पडत नाही.

लोणी चांगलं की तेल?

चव लोण्याची, मऊपणा तेलाचा. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. लोणी गार झालं की घट्ट होतं, म्हणून फ्रीजमधला लोण्याचा केक कडक लागतो. तेलाचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. चॉकलेट आणि गाजराच्या केकला मी तेलच सुचवेन, साध्या व्हॅनिला केकला आणि बिस्किटांना लोणी. वितळलेल्या लोण्याच्या जागी तेल घ्यायचं तर वजनाच्या 80 टक्के घ्या. जिथे लोणी साखरेबरोबर फेटायचं असतं तिथे मात्र ही अदलाबदल करू नका. मिठाचं लोणी वापरलंत तर वेगळं मीठ घालू नका.

साखर निम्मी केली तर?

पाव भाग कमी केलीत तर बहुतेक केकमध्ये फारसा फरक जाणवत नाही. निम्मी केली तर जाणवतो, आणि तो नुसता गोडीचा नसतो. साखर ओलावा धरून ठेवते, पोत मऊ करते, रंग आणते. ती फार कमी झाली की केक फिका, कोरडा आणि दडस होतो. कमी गोड हवं असेल तर मुळात कमी साखरेचे प्रकार निवडा, म्हणजे पाव, स्कोन, फळांचे मफिन. नाहीतर केकचा तुकडा लहान कापा.

मैद्याऐवजी गव्हाचं पीठ वापरू का?

अर्धा मैदा, अर्धं गव्हाचं पीठ इथून सुरुवात करा. पूर्ण गव्हाच्या पिठात कोंडा असतो, तो जास्त पाणी पितो आणि ग्लुटेनचे, म्हणजे ओल्या पिठात तयार होणाऱ्या चिवट प्रथिनाचे, धागे कापतो. म्हणून कपामागे एक-दोन टेबलस्पून दूध वाढवा आणि फक्त बेकिंग पावडर असलेलं मिश्रण दहा मिनिटं मुरू द्या. केळ्याचा, गाजराचा, गुळाचा केक या पिठात खरोखर छान लागतो. पांढऱ्या व्हॅनिला स्पंजला ते मानवत नाही.

केक छान फुलला आणि मग मधोमध खचला. काय झालं?

तीनपैकी एक. बहुतेक वेळा तो आत कच्चा होता: कडा भाजून घट्ट झाल्या, मधला भाग अजून पातळ होता, बाहेर काढल्यावर त्याला आधार उरला नाही. खचलेल्या जागी कापून बघा, तिथे चिकट पट्टा दिसला तर हेच कारण. दुसरं, बेकिंग पावडर किंवा सोडा जास्त झाला. बुडबुडे भराभर मोठे होऊन एकमेकांत मिसळतात, वर येऊन फुटतात आणि केक बसतो. अशा केकला मोठमोठी, असमान जाळी असते. तिसरं, ओव्हनचं दार लवकर उघडलं. ठरलेल्या वेळेचा तीनचतुर्थांश भाग होईपर्यंत दार उघडू नका, काचेतून बघा.

बाकीची लक्षणंही अशीच वाचता येतात. मधे डोंगरासारखा फुगून तडकला तर ओव्हन जास्त गरम होता. कडा आधी घट्ट झाल्या आणि आतल्या मिश्रणाला वर जाण्यावाचून वाट राहिली नाही. कापल्यावर आत उभे, लांबट बोगदे दिसले आणि पोत चिवट लागला तर मैदा घातल्यावर जास्त फेटलं गेलं. ओल्या मैद्यात ग्लुटेन तयार होतं, ते पावाला हवं असतं आणि केकला नको. तळाशी दडस थर बसला तर लोणी-साखर पुरेशी फेटली गेली नाही किंवा मिश्रण पातळ झालं. बेदाणे, चेरी तळाशी गेल्या तर फळं मोठी होती किंवा मिश्रण पातळ होतं. फळं बारीक चिरून, कोरडी पुसून, थोड्या मैद्यात घोळवून घाला. मैद्यात घोळवण्याचा उपयोग मर्यादित आहे, जाडसर मिश्रणाचा जास्त.

खचलेला केक फेकू नका. मधला कच्चा भाग काढून बाकीचे तुकडे ग्लासात क्रीम आणि फळांबरोबर थरांनी लावले तर पाहुण्यांसमोरही ठेवता येतात.

केक झाला हे नक्की कसं ओळखायचं?

घड्याळावर जाऊ नका, ते फक्त बघायला कधी सुरुवात करायची ते सांगतं. वेळेच्या पाचएक मिनिटं आधी मधोमध बोटाने हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर झालं. कडा टिनपासून किंचित सुटलेल्या असतात. टूथपिक मध्यभागी घाला: ओलं मिश्रण चिकटलं तर कच्चा, एखाददुसरा ओलसर कण चिकटला तर अगदी बरोबर. ती दर वेळी कोरडी ठणठणीत बाहेर यायची वाट बघितली तर केक कोरडा पडायला लागतो. ब्राउनीला तर ओलसर कण हवेतच. टोचायचा थर्मामीटर असेल तर केकच्या मध्यभागी 98 अंशांच्या आसपास आकडा यावा.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं टिनमध्येच राहू द्या, मग जाळीवर काढा. गरम असताना उलटवलेला केक मोडतो, आणि टिनमध्येच विसरलेला केक स्वतःच्या वाफेने खालून ओला होतो. पूर्ण गार होण्याआधी कापू नका. घरात सगळे ताटल्या घेऊन उभे असतात हे मान्य, तरीही.

बिस्किटं ट्रेमध्ये पसरून एकमेकांना चिकटतात.

लोणी फार मऊ होतं, किंवा ट्रे गरम होता. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसरी खेप लावण्यापूर्वी ट्रे गार होऊ द्या. भेट द्यायला सर्वांत सोपं बिस्किट 1:2:3 प्रमाणाचं, वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. उदाहरणार्थ 50, 100 आणि 150 ग्रॅम, आणि चिमूटभर मीठ. यात फुलवणारं काहीच नाही, म्हणून पसरतही नाही. लोणी-साखर थोडीच फेटा, मैदा मिसळून दंडगोल वळा, फ्रीजमध्ये घट्ट करा, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापा आणि 165 अंशांवर 18 ते 20 मिनिटं भाजा. कडा नुकत्या सोनेरी झाल्या की काढा. तेव्हा ती मऊच लागतील. गार होताना खुसखुशीत होतात.

माझा टिन वेगळ्या आकाराचा आहे. प्रमाण कसं बदलू?

तळाचं क्षेत्रफळ काढा. आठ इंची गोल टिनचं साधारण 50 चौरस इंच, सहा इंचीचं 28, नऊ इंचीचं 64. आठ इंची चौकोनी टिनचंही 64 च. म्हणजे नऊ इंची गोल आणि आठ इंची चौकोनी टिन एकमेकांच्या जागी वापरता येतात, आणि सहा इंचीला आठ इंचीच्या निम्म्याहून जरासं जास्त मिश्रण लागतं. टिन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. मिश्रण जितकं खोल, तितकं तापमान थोडं कमी आणि वेळ जास्त. कपकेकना उलट, 18 ते 20 मिनिटांत होतात.

पाव करायची भीती वाटते.

यीस्ट हा जिवंत जीव आहे, एवढं ध्यानात ठेवलं की भीती जाते. पाणी कोमट हवं, म्हणजे 35 ते 40 अंश, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरम वाटू नये. 55 ते 60 अंशांच्या आसपास तो मरतो, आणि न फुगलेल्या पिठांपैकी बरीचशी अशा फार गरम पाण्यामुळे फसलेली असतात. 500 ग्रॅम मैद्याला 320 ग्रॅम पाणी, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ. दहा मिनिटं मळा. पिठाचा लहान तुकडा बोटांनी ताणला तर न फाटता त्यातून उजेड दिसावा इतकं पातळ व्हायला हवं. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा. उबदार खोलीत तास-दीड तास, गारठ्यात त्याहून बराच जास्त. इथेही घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. आकार देऊन टिनमध्ये ठेवा, पुन्हा फुगू द्या आणि 220 अंशांवर 30 ते 35 मिनिटं भाजा. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला.

भांड्याला लागलेलं कच्चं मिश्रण मुलं चाटतात. हरकत आहे का?

आहे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण कच्चा मैदाही सुरक्षित नसतो. त्यावर जंतू मारणारी प्रक्रिया झालेली नसते आणि त्यात ई. कोलाय असू शकतो. अंडी नसलेलं मिश्रणही म्हणून चाटू देऊ नका. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांच्या बाबतीत तर अजिबात नको. मुलांना चाळणं, वजन करणं, साचे कापणं, पेपर कप मांडणं ही कामं द्या. वजनकाट्यावर 150 आकडा आणायला पाच वर्षांच्या मुलालाही भारी आवडतं.

मित्रांना देताना कशाची काळजी घ्यावी?

आधी विचारा. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, तीळ, सोया यांपैकी कशाचीही ॲलर्जी असू शकते आणि ती जिवावर बेतू शकते. डब्यावर जिन्नसांची चिठ्ठी चिकटवा, त्यात सुकामेव्याचा आणि जवसाचा उल्लेख सोडू नका. गंभीर ॲलर्जी असलेल्या माणसासाठी केवळ जिन्नस वगळून भागत नाही. त्याच मिक्सरमध्ये आधी बदाम दळले असतील तर तेही सांगायला हवं. एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काही देऊ नये, भाजलेलंही नाही, कारण बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू ओव्हनच्या उष्णतेत टिकतात.

सजावट येत नाही, केक ओकाबोका दिसतो.

गार झालेल्या केकवर गाळणीतून पिठीसाखर भुरभुरवा, तेवढ्यानेही तो सणाचा दिसतो. थोडं पुढे जायचं तर 1 कप पिठीसाखरेत एक-दीड टेबलस्पून लिंबाचा रस घालून जाड धार पडेल असं मिश्रण करा आणि वरून ओता. चॉकलेट हवं असेल तर समान वजनाचं क्रीम आणि बारीक चिरलेलं चॉकलेट घ्या. क्रीम उकळी येण्याच्या बेतापर्यंत तापवून चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर हलवत जा. केक कोमट असताना यातलं काहीही वर घातलं तर सगळं वितळून ताटलीत येतं.

किती दिवस टिकतं, आणि कसं ठेवायचं?

साधा केक बाहेर बंद डब्यात दोन-तीन दिवस राहतो, हवा फार उष्ण-दमट असेल तर एकच दिवस. क्रीम, ताजी फळं असलेला केक फ्रीजमध्येच. लोण्याची बिस्किटं हवाबंद डब्यात आठ-पंधरा दिवस खुसखुशीत राहतात, पण केकच्या डब्यात ठेवू नका. केकमधली ओल बिस्किटांत जाते, केक कोरडा पडतो आणि बिस्किटं लोळागोळा होतात. काहीही पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, झाकणाखाली धरलेल्या वाफेने बुरशी लवकर येते.

पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला पिठातलं स्टार्च लवकर घट्ट होतं आणि पाव बाहेरपेक्षा आधी शिळा लागतो. फ्रीझरमध्ये मात्र पाव आणि साधा केक दोन-तीन महिने चांगले राहतात. काप करून, प्रत्येक काप वेगळा गुंडाळून पिशवीत भरा. बाहेर काढल्यावर गुंडाळलेलाच ठेवा, म्हणजे दव वेष्टनावर धरतं आणि केक ओला होत नाही. बिस्किटांचा कच्चा दंडगोलही असाच गोठवता येतो. अचानक कोणी येणार असेल तर दहाएक मिनिटं बाहेर ठेवून चकत्या कापा आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त भाजा.